एका पैची चूक

छत्रपती संभाजीनगर शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, गोदावरीच्या उत्तर तीरी पैठण हे प्राचीन गाव वसले आहे. प्राचीन काळी याचे नाव प्रतिष्ठान होते आणि येथे सातवाहन राजांची राजधानी होती. पुढे शास्त्रीपंडितांचे गाव म्हणून पैठणची कीर्ती पसरली. धर्मशास्त्राचा एखादा अवघड प्रश्न निघाला, की त्याच्या निर्णयासाठी लोक दूरदूरहून येथे येत. अशा या गावी सोळाव्या शतकात एकनाथांचा जन्म झाला. थोर विठ्ठलभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा.

एकनाथाचे आईवडील त्याच्या लहानपणीच वारले. आजोबा चक्रपाणी यांनी त्याला मायेने वाढवले. घरात रोज पुराणश्रवण चाले. ध्रुव, प्रल्हाद, हरिश्चंद्र यांच्या कथा ऐकताना बाळ एकनाथ देहभान विसरून जाई. परंतु नुसते ऐकून त्याचे समाधान होत नसे. असे का घडले, याचा अर्थ काय, आपण यातून काय घ्यावे, असे प्रश्न तो पुराणिकांना विचारी. चरित्रकार सांगतात की, या मुलाच्या शंकांना उत्तरे देता देता त्याचे शिक्षक थकून जात. कथेने त्याच्या मनात प्रश्न जागे केले होते आणि त्या प्रश्नांनी त्याला गुरूच्या शोधासाठी घराबाहेर काढले.

त्या वेळी देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी नावाचे एक थोर पुरुष होते. हाच किल्ला दौलताबाद या नावानेही ओळखला जातो. जनार्दनस्वामी निजामशाहीच्या सेवेत असून या बळकट किल्ल्याचा कारभार पाहत. तलवार, लेखणी आणि ईश्वरचिंतन या तिन्ही गोष्टींना त्यांच्या आयुष्यात स्थान होते. वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षाच्या सुमारास एकनाथ पैठणहून देवगिरीस गेला व त्याने स्वामींचे पाय धरले.

स्वामींनी त्याला लगेच वेदान्त सांगितला नाही. त्यांनी त्याच्या हाती किल्ल्याच्या हिशेबाच्या वह्या दिल्या. एका दिवशी जमाखर्चाचा मेळ बसेना. फरक होता केवळ एका पैचा. दुसरा कोणी असता, तर त्याने पदरची पै घालून वही मिटली असती. एकनाथ मात्र रात्री समईच्या उजेडात एकेक नोंद पुन्हा तपासत बसला. प्रहरामागून प्रहर गेले. शेवटी चूक सापडली, तेव्हा त्याने आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामी जागे होऊन तेथे आले. त्यांनी सारा प्रकार जाणून घेतला आणि शिष्याला सांगितले की, एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद होत असेल, तर आपल्या आयुष्यातील चूक सापडल्यावर केवढा आनंद होईल, याचा त्याने विचार करावा.

ही कथा परंपरेने चालत आली आहे. तिच्यात एकनाथांच्या पुढील सर्व जीवनाचे सार आहे. वहीतील चूक शोधण्यास चिकाटी लागते. स्वतःतील चूक शोधण्यास चिकाटीबरोबर धैर्यही लागते. देवगिरीवर नाथांनी या दोन्ही गोष्टींचा अभ्यास केला.

पुढे गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परतले. गिरिजाबाई नावाच्या सुशील मुलीशी त्यांचा विवाह झाला. संसार नेटका चालला होता आणि रोज कीर्तन, प्रवचन व लेखनही चालू होते. मात्र नाथांच्या मनाला एक गोष्ट खटकत होती. पुराणांतील ज्ञान संस्कृत भाषेत बंद होते. शेतकरी, कारागीर, स्त्रिया आणि ज्यांना अस्पृश्य मानून दूर ठेवले जाई ते लोक यांना ते कसे मिळावे? म्हणून नाथांनी श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत ओवीबद्ध टीका लिहावयास घेतली.

या स्कंधात एका अवधूताची कथा आहे. यदुराजाने त्याला त्याच्या आनंदाचे कारण विचारले, तेव्हा त्याने आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगितली. त्या गुरूंत पृथ्वी होती, वारा होता, समुद्र होता, मधमाशी होती आणि कोळीही होता. भात कांडताना हातातील बांगड्या वाजू नयेत म्हणून एकेक बांगडी उतरवून ठेवणारी एक मुलगीही त्यांत होती. जो डोळे उघडे ठेवून पाहतो व पाहिलेल्याचा विचार करतो, त्याला सारे जग शिकवते, हे या कथेचे मर्म आहे. याच ग्रंथात अवंती नगरीतील एका कंजूष माणसाचीही गोष्ट आहे. धन गेल्यावर लोक त्याला छळू लागले. तो विचार करू लागला आणि आपल्या सुखदुःखाचे मूळ दुसऱ्या कोणात नसून आपल्याच मनात आहे, हे त्याला कळले. अशा कथा नाथांनी घरगुती दाखले देऊन इतक्या रसाळपणे सांगितल्या की, ऐकणाऱ्याला आपणच त्या कथेत आहोत असे वाटावे.

ग्रंथाचे काही अध्याय पूर्ण झाले, तेव्हा त्याची वार्ता काशीपर्यंत पोहोचली. देवाचे ज्ञान लोकभाषेत उतरवले, म्हणून तेथील काही पंडित रागावले. नाथ काशीस गेले. त्यांनी न चिडता आपली बाजू मांडली. सर्व भाषा देवाच्याच असतील, तर एक भाषा पवित्र व दुसरी हीन कशी ठरेल, असा त्यांचा साधा सवाल होता. अखेर विरोध मावळला आणि १५७३ साली काशीतच एकतीस अध्यायांचा हा ग्रंथ पूर्ण झाला. आज तो एकनाथी भागवत या नावाने प्रसिद्ध आहे.

ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हता, त्यांच्यासाठी नाथांनी भारुडे रचली. जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या, जोगवा मागणारी स्त्री अशी गावोगावी दिसणारी माणसे त्यांनी भारुडांत आणली. विंचू चावल्याने तळमळणारा माणूस पाहून प्रेक्षक प्रथम हसत. मग तो विंचू म्हणजे आपल्याच मनातील काम आणि क्रोध होय, हे त्यांच्या ध्यानात येई व ते अंतर्मुख होत. त्यांनी एक हिंदू व एक तुर्क यांचा संवादही लिहिला आहे. दोघेही परस्परांच्या धर्मातील कथा व चालीरीती यांवर बोचरे प्रश्न विचारतात. वाद चांगलाच रंगतो. पण शेवटी दोघांना एकच ईश्वर उमगतो आणि ते एकमेकांना आलिंगन देतात. प्रश्न विचारल्याने श्रद्धा मोडत नाही, उलट ती निर्मळ होते, हा विश्वास त्या संवादामागे आहे.

विचार आणि आचार यांत नाथांनी अंतर पडू दिले नाही. एकदा भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक लहान मूल रडत होते. ते अस्पृश्य मानलेल्या घरातील होते, म्हणून कोणी त्याला हात लावीना. नाथांनी त्याला कडेवर घेतले, त्याचे डोळे पुसले व त्याला त्याच्या घरी पोहोचवले, अशी कथा पैठणात सांगतात. सर्व भूतांत देव आहे, हे पुराणातील वचन सारेच ऐकत होते. नाथांनी ते त्या वाळूत पडताळून पाहिले.

त्यांना याची किंमतही मोजावी लागली. गावातील कर्मठ लोकांनी त्यांचा छळ केला. घरातही संघर्ष उभा राहिला. त्यांचा मुलगा हरिपंडित संस्कृतात पारंगत होता. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे आणि जातपात न पाहता पंगतीला बसावे, हे त्याला रुचेना. तो घर सोडून काशीस निघून गेला. नाथांना फार दुःख झाले असेल. तरी त्यांनी आपला मार्ग सोडला नाही आणि मुलाचा द्वेषही केला नाही. पुढे हरिपंडित परत आला व वडिलांची थोरवी त्याला पटली, असे चरित्रकार सांगतात.

नाथांच्या हातून आणखी एक मोठे काम झाले. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. त्या काळी छापखाने नव्हते. हातांनी नकला करताना कोठे शब्द गळत, कोठे बदलत, तर कोठे नकल करणारा स्वतःच्याच ओव्या घुसडून देई. जवळजवळ तीनशे वर्षांत मूळ ग्रंथ बराच बिघडला होता. तो नाथांनी शुद्ध करावयास घेतला. निरनिराळे पाठ ताडून पाहत आणि मागचापुढचा अर्थ लावत त्यांनी १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ स्वतः मोठे कवी होते. एखाद्या ओवीच्या जागी तितकीच सुंदर ओवी रचणे त्यांना जड नव्हते. पण त्यांनी तो मोह टाळला. पुढे कोणीही या ग्रंथात आपली ओवी घालू नये, असेही त्यांनी स्पष्ट बजावून ठेवले. ज्या मुलाने हिशेबात पदरची पै घातली नाही, त्यानेच मोठेपणी ज्ञानेश्वरीत पदरची ओवी घातली नाही.

आयुष्याच्या अखेरीस नाथ भावार्थ रामायण लिहीत होते. त्यात रावणाच्या बंदिशाळेत पडलेले देव आणि त्यांना सोडवणारा राम यांचे वर्णन त्यांनी मोठ्या आवेशाने केले आहे. तो ग्रंथ अपुरा असतानाच १५९९ साली, फाल्गुन वद्य षष्ठीस, त्यांनी गोदावरीच्या तीरी देह ठेवला. गावबा नावाच्या त्यांच्या शिष्याने तो ग्रंथ पुढे पूर्ण केला.

पैठणला दरवर्षी नाथषष्ठीचा मोठा उत्सव भरतो आणि दूरदूरहून दिंड्या येतात. पैठणजवळ गोदावरीचे पाणी अडवून जो विशाल जलाशय झाला आहे, त्याला नाथसागर हेच नाव आहे. त्या पाण्यावर मराठवाड्यातील कितीतरी शेते पिकतात. नाथांच्या कथाही अशाच गावोगावी पोहोचल्या आहेत. त्या ऐकून जो आपल्या मनाची वही उघडतो आणि तीत राहिलेली पैची चूक शोधू लागतो, त्याला नाथांची शिकवण खऱ्या अर्थाने समजली असे म्हणता येईल.