भाऊसाहेब बांदोडकर : गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री

पनवेल स्टेशनावरून दररोज कितीतरी गाड्या मडगावकडे धावतात. सुट्टीत आमच्या कॉलेजची मुले त्यातूनच गोव्याला जातात आणि परत आल्यावर समुद्रकिनाऱ्यांच्या गोष्टी सांगतात. पण राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा सहज विचारले, की गोवा महाराष्ट्राला अगदी खेटून आहे, तिथे मराठी शाळा आहेत, मराठी वर्तमानपत्रे आहेत, मराठी नाटके रात्ररात्र चालतात, मग गोवा महाराष्ट्रात का नाही? वर्गात सगळे गप्प बसले. मलाही उत्तर ठाऊक नव्हते. ग्रंथालयात शोध घेऊ लागले तेव्हा एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येत गेले. गोवा महाराष्ट्रात जावा म्हणून या माणसाने पक्ष काढला, निवडणूक जिंकली, आणि शेवटी जो गोवा महाराष्ट्रात गेलाच नाही त्याचा कारभार मरेपर्यंत त्यानेच पाहिला. ते नाव म्हणजे दयानंद बाळकृष्ण बांदोडकर. गोमंतकात त्यांना सारेजण भाऊसाहेब म्हणतात.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. पेडणे हा नव्या काबिजादीतला भाग, म्हणजे पोर्तुगिजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस गेलेला, तेरेखोल नदीच्या अलीकडचा. नदी ओलांडली की सावंतवाडी संस्थान. तेव्हा सरहद्द राजकीय होती. बोली, देवदेवता आणि दशावतार दोन्हीकडे तेच होते.

जन्माचे वर्षही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९१० च्या ऑक्टोबरात, पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना प्रथमच बरोबरीचे नागरी हक्क मिळाले. शाळा, वाचनालये, वर्तमानपत्रे यांना जरा मोकळा वारा लागला. पण भाऊसाहेब ऐन विशीत येतात न येतात तोच हा वारा बंद झाला. १९२६ साली पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली, पुढे सालाझारची हुकूमशाही स्थिर झाली आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकरांचे स्थान पुन्हा खाली ढकलले गेले. सभा नाही, संघटना नाही, सेन्सॉरशिवाय एक ओळ छापायची सोय नाही. पक्ष एकच, तो म्हणजे सालाझारचा.

अशा काळात गोमंतक मराठा समाजातला हा मुलगा वाढला. उच्चवर्णीयांच्या गोव्यात या समाजाच्या वाट्याला फार अवहेलना आली होती. भाऊसाहेबांपाशी मोठी पदवी नव्हती की वाडवडिलांचे भाट नव्हते. त्यांनी धंद्यात हात घातला. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या लोहखनिजाला जपानकडून मागणी येऊ लागली, तेव्हा ते खाणमालक झाले आणि श्रीमंतही झाले. मिळालेला पैसा त्यांनी मोकळ्या हाताने दिला. शाळांना दिला, देवळांना दिला, अडल्यानडल्यांना दिला. ‘भाऊ’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले ते राजकारणाच्या कितीतरी आधी.

इकडे १९४७ साली भारत स्वतंत्र झाला, पण गोवा झाला नाही. उलट १९५१ साली पोर्तुगालने आपली घटना बदलून गोव्याला ‘सागरापारचा प्रांत’ असे नाव दिले. हेतू उघड होता. वसाहत म्हटले तर सोडावी लागेल. प्रांत म्हटले तर तो पोर्तुगालचाच एक तुकडा ठरतो! हजारो मैलांवरच्या लिस्बनचा प्रांत म्हणे पेडणे आणि सत्तरी! शेवटी १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ डिसेंबरला साडेचारशे वर्षांची सत्ता संपली.

आता एक अगदी नवाच प्रश्न उभा राहिला. गोवा भारताचा झाला हे ठरले. पण भारतात त्याने कोण म्हणून राहायचे? दमण आणि दीव यांच्यासह तो केंद्रशासित प्रदेश झाला. हे दीव तर सौराष्ट्राच्या टोकाला असलेले बेट. गोव्याचे वेगळे व्यक्तिमत्त्व जपले जाईल असे पंडित नेहरूंनी आश्वासन दिले होते. पण महाराष्ट्र राज्य नुकतेच १९६० साली झालेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवेश अजून ताजा होता. गोमंतक हा महाराष्ट्राचाच भाग आहे, तो त्यात विलीन व्हावा, असे म्हणणारा मोठा वर्ग गोव्यात होता. भाऊसाहेबांनी १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची स्थापना केली ती याच मागणीवर. पक्षाची खूण सिंह. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष उभा राहिला. त्यांची खूण हात, आणि मागणी अशी की गोवा वेगळाच राहिला पाहिजे.

येथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमचे पणजोबा उरण भागात दुसऱ्याच्या शेतावर कूळ होते. भात पिकवायचे त्यांनी आणि खंड घालायचा मालकाच्या कोठारात. मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला, पुढे १ एप्रिल १९५७ हा कूळदिन ठरला आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व कागदावरून बांधावर आले. पणजोबांचे नाव सातबाऱ्यावर चढले. ती शेती पुढे नव्या शहरासाठी गेली ही गोष्ट वेगळी. पण नाव लागले होते म्हणून मोबदल्याला तरी आम्ही पात्र ठरलो, आणि आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली.

हे आठवले आणि भाऊसाहेबांच्या मागणीतला गाभा मला एकदम कळला. गोव्यात त्या वेळी कुळांना संरक्षण देणारा असा कायदा नव्हता. भाटकाराच्या भाटात झोपडी बांधून राहणारा मुंडकार भाटकाराच्या मर्जीवर जगे. उद्या जा म्हटले तर चुलीसकट उठायचे. सरहद्दीपलीकडचा सावंतवाडीचा शेतकरी कायद्याने जमिनीचा धनी होत होता आणि अलीकडचा पेडण्याचा तसाच राहिला होता. महाराष्ट्रात गेलो तर हा कायदा आपल्यालाही मिळेल, मराठीतून शाळा आणि मराठीतून नोकऱ्या मिळतील, असे त्या माणसांना वाटले यात नवल ते काय? विलीनीकरण हा विषय पुस्तकांतून आपण भाषेचा म्हणून वाचतो. पेडण्या-सत्तरीच्या कुळाला मात्र तो पोटाचा विषय होता.

९ डिसेंबर १९६३ रोजी गोव्यात पहिली निवडणूक झाली. विधानसभेच्या तीस जागांपैकी चौदा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला आणि बारा युनायटेड गोवन्सना मिळाल्या. काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिची एकमेव जागा दमणची. ज्या पक्षाच्या सरकारने गोवा मुक्त केला त्याला गोवेकरांनी रिकाम्या हाताने परत पाठवले! भाऊसाहेब स्वतः या निवडणुकीला उभे नव्हते. तरीही पक्षाने त्यांनाच नेता निवडले, २० डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. दोन प्रजासमाजवादी आमदारांची त्यांना साथ होती.

१९६४ सालीच त्यांच्या सरकारने कृषी कूळ कायदा करून कुळाला मनमानी हुसकावण्यापासून संरक्षण दिले आणि खंडाला मर्यादा घातली. ज्या गावात शाळा ठाऊक नव्हती तिथे मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. जानेवारी १९६५ मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. भाऊसाहेबांच्या मते लोकांनी १९६३ सालीच कौल दिला होता. सिक्वेरांचे म्हणणे असे, की निवडणूक म्हणजे सरकार निवडणे. घरच मोडायचे की ठेवायचे हे प्रत्येकाला वेगळे विचारले पाहिजे. केंद्राने अखेर जनमत कौल घ्यायचे ठरवले आणि १९६६ च्या डिसेंबरात संसदेने त्यासाठी कायदा केला. सत्तेवर बसलेला मुख्यमंत्री कौलात पक्षपात करील अशी विरोधकांची शंका होती. भाऊसाहेबांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. सत्तेची खुर्ची सोडून मैदानात उतरण्याइतका त्यांना आपल्या लोकांचा भरवसा होता.

हा कौल म्हणजे हिंदू एका बाजूला आणि ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला असा सामना होता, असे पुष्कळदा ढोबळपणे सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. विलीनीकरणाच्या बाजूने पीटर आल्वारिस यांच्यासारखा ख्रिस्ती समाजवादी नेता होता, आणि विरोधात रवींद्र केळेकरांसारखे कोकणीचे हिंदू लेखक होते. ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक विलीनीकरणवादी, तर ‘राष्ट्रमत’ हे दुसरे मराठी दैनिक कट्टर विलीनीकरणविरोधी. महाराष्ट्रात जाऊ नका हे मराठीतून, आणि तेही चांगल्या ठसठशीत मराठीतून, सांगितले जात होते! विरोधकांचे मुद्देही हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आज पणजी राजधानी आहे, उद्या एका मोठ्या राज्याच्या टोकाचा जिल्हा होईल. आपली कोकणी मराठीची बोली ठरून मागे पडेल. दारूबंदीचा कायदा असलेल्या राज्यात माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराने खायचे काय? मी महाराष्ट्राची असले तरी हे वाचताना मला त्यांच्या भीतीत खोट दिसली नाही. मुंबईच्या शेजारी राहणाऱ्या आम्हांला, मोठ्याच्या पोटात लहान कसे जाते, हे काही कोणी शिकवायला नको.

मुंबईतल्या गोवेकरांना मात्र या कौलात मत नव्हते. धोबीतलावच्या कुडींतून राहणारे खलाशी, गिरण्यांत आणि हॉटेलांत राबणारे, संगीत-नाटकातले, या सगळ्यांच्या गावाचे भवितव्य त्यांच्यावाचून ठरले. त्यांनाही मत द्या ही मागणी मान्य झाली नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाला फुलाची खूण, वेगळे राहण्याला दोन पानांची. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी भाऊसाहेब हरले. त्यांच्या पक्षाला मत देणाऱ्यांपैकीही काहींनी या वेळी दोन पानांवर शिक्का मारला असला पाहिजे, त्याशिवाय हा हिशेब जुळत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि ज्या मतदारांनी जानेवारीत भाऊसाहेबांचे म्हणणे झिडकारले त्यांनीच त्यांच्या पक्षाला आता सोळा जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले. नावात ‘महाराष्ट्रवादी’ आणि राज्य वेगळ्या गोव्याचे! लोकांना हा माणूस हवा होता, त्याचा कायदा हवा होता, शाळा हव्या होत्या. फक्त त्यासाठी पणजी सोडून मुंबईला जायचे नव्हते. भाऊसाहेबांनी कौल मानला. रुसून घरी बसले नाहीत की मोडतोड केली नाही. विलीनीकरणातून जे मिळवायचे होते ते वेगळ्या विधानसभेतूनही मिळवता येते, हे त्यांना बहुधा या पराभवानेच शिकवले. १९७० साली कला अकादमी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. खेळाचे त्यांना मनापासून वेड. बांदोडकर सुवर्णचषक फुटबॉल स्पर्धा त्यांच्याच नावाची.

सगळेच वाखाणण्यासारखे होते असे मात्र नाही. पक्ष म्हणजे भाऊ आणि भाऊ म्हणजे पक्ष, अशी स्थिती झाली होती. १९७० साली त्यांच्याच काही आमदारांनी एकहाती कारभाराविरुद्ध बंड केले, आणि सरकार वाचले ते विरोधी बाकांवरच्या काहींच्या आधाराने, म्हणजे कौलात ज्यांच्याशी झुंजले त्यांच्याच आधाराने. दुसऱ्या फळीचे नेतृत्व त्यांनी घडवले नाही. १९७२ साली पक्षाने अठरा जागा जिंकल्या, तेव्हा हा दोष झाकला गेला इतकेच.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचे निधन झाले. वय बासष्ट. मिरामारच्या वाळूजवळ त्यांची समाधी आहे. त्यांच्या मागून त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ साली, ज्या सभागृहात दहा वर्षांपूर्वी गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा ठराव झाला होता त्याच सभागृहात, त्यांच्या सरकारने मुंडकार संरक्षण कायदा आणला. पुढच्या वर्षी कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन गोव्यातले कूळ कसत्या जमिनीचे मालक झाले. आमच्या पणजोबांच्या मागून एकोणीस वर्षांनी.