उपाशी अजगरांचा पालक

बातमीदारी सोडून सापांमागे गेलेले गृहस्थ, अशी रेमंड डिटमार्स यांची ओळख करून देता येईल. १८७६ मध्ये अमेरिकेतील नेवार्क येथे जन्मलेल्या डिटमार्स यांनी तरुणपणीच घराच्या माळ्यावर साप पाळले होते. न्यूयॉर्क टाइम्समधील नोकरी अल्पकाळच टिकली. १८९९ मध्ये न्यूयॉर्कचे ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालय खुले झाले आणि ते तेथील सर्पविभागात रुजू झाले. स्वतःचे सापही त्यांनी सोबत नेले.

त्यांची खरी कसोटी पाहिली ती आग्नेय आशियातून येणाऱ्या जाळीदार नक्षीच्या अजगरांनी. वीस फुटांपर्यंत वाढणारे हे तापट प्राणी कैदेत आले की माणूस दिसताच झेपावत आणि भक्ष्याला महिनोन्‌महिने शिवत नसत. अजगर दीर्घ उपवास सोसतो, पण त्यालाही मर्यादा असतेच. अखेर रक्षकांची फळी त्याला सरळ ताणून धरी आणि बांबूच्या टोकाने मेलेले ससे त्याच्या घशाखाली उतरवले जात. जरा धसमुसळेपणा झाला की घशाला इजा व्हायची. वृत्तपत्रांना या प्रकाराचे भारी अप्रूप. पूर्वाश्रमीच्या बातमीदाराला ते ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे?

डिटमार्स १९४२ मध्ये निवर्तले. आज अशा अजगराला आधी ऊब, आडोसा आणि एकांत दिला जातो. बळजबरीने भरवण्याची वेळ सर्वांत शेवटी येते.