लाहोरच्या विद्यार्थ्यांची कैफियत आणि बॅ. जयकर

पुणे विद्यापीठात शिकलेल्या कित्येक पिढ्यांना 'जयकर' हे नाव ग्रंथालयामुळे परिचित आहे. मात्र ज्यांचे नाव या ग्रंथालयाला देण्यात आले, ते बॅ. मुकुंद रामराव जयकर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी पंजाबात गेले होते. विनाचौकशी डांबल्या गेलेल्या विद्यार्थ्यांची कैफियत देशापुढे मांडणाऱ्या समितीचे ते सदस्य होते, हे आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईत एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभिली आणि काही काळ कायद्याचे अध्यापनही केले. पुराव्यावाचून कुणालाही दोषी धरू नये, हा कायद्याच्या वर्गातला पहिला धडा. १९१९ मध्ये पंजाबात नेमका तोच पायदळी तुडवला गेला.

जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर दोनच दिवसांनी, १५ एप्रिल १९१९ रोजी, लाहोर आणि अमृतसर येथे लष्करी कायदा पुकारण्यात आला. लाहोरची सूत्रे कर्नल फ्रँक जॉन्सन याच्याकडे होती. सनातन धर्म महाविद्यालयाच्या भिंतीवर लावलेली लष्करी कायद्याची नोटीस कुणीतरी फाडली. कुणी, याचा शोध घेण्याची गरज जॉन्सनला वाटली नाही. महाविद्यालयाच्या आवारातील सुमारे पाचशे विद्यार्थ्यांना त्यांच्या प्राध्यापकांसह अटक झाली आणि उन्हातून तीन मैल चालवत त्यांना लाहोरच्या किल्ल्यात नेण्यात आले. अन्य महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना दिवसातून चार वेळा हजेरीला बोलावले जाई. वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलांची यापायी दिवसाला सुमारे सोळा मैलांची पायपीट होत असे. कसूर येथे तर शाळकरी मुलांपैकी अंगापिंडाने थोराड अशी सहा मुले निवडून त्यांना फटके मारण्यात आले. त्यांचा अपराध सिद्ध झाला नव्हता. अंगकाठी हाच त्यांचा गुन्हा ठरला.

सर्वांत मोठी विटंबना शिक्षकांच्या वाट्याला आली. आपल्याच विद्यार्थ्यांना शिक्षा सुचविण्याची सक्ती प्राचार्यांवर झाली. सुचविलेल्या शिक्षा सौम्य वाटल्या, तर त्या परत पाठवल्या जात. गुरूने विद्यार्थ्याचा रक्षक व्हावे की पोलिसांचा हस्तक, असा हा पेच होता.

या अत्याचारांच्या चौकशीसाठी काँग्रेसने नोव्हेंबर १९१९ मध्ये स्वतंत्र समिती नेमली. महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आदी तिचे सदस्य होते. अमृतसर अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारावे लागल्याने मोतीलाल नेहरू समितीतून बाहेर पडले आणि त्यांच्या जागी जयकर आले. समितीने १७०० हून अधिक साक्षीदारांचे जबाब तपासले आणि त्यांपैकी ६५० प्रसिद्ध केले. संतापाच्या भरात रचलेली भाषणे नव्हे, तर पडताळून पाहिलेला जबाब हे या समितीचे शस्त्र होते. २५ मार्च १९२० च्या अहवालाने लाहोरच्या विद्यार्थ्यांवरील जुलूमही नोंदवून ठेवला.

त्यातून विद्यार्थ्यांना न्याय मिळाला, असे मात्र म्हणता येत नाही. सरकारने सप्टेंबर १९१९ मध्येच कायदा करून अधिकाऱ्यांना संरक्षण देऊन टाकले होते. तरीही ही नोंद वाया गेली नाही. जे घडले ते घडलेच नाही, असे म्हणण्याची सोय सत्तेला उरली नाही.

जयकरांचे पुढील राजकीय जीवन सरळ रेषेत गेले नाही. स्वराज्य पक्षात ते होते. पुढे तो सोडून न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्यासह ते प्रतियोगी सहकारितेच्या वाटेने गेले. १९३७ मध्ये ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले, त्यानंतर प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले. घटना समितीतील आपल्या जागेचा त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९४७ मध्ये त्याच जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून आले. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक ठरविणारी तरतूद डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत मांडली. तीच आजचे अनुच्छेद २२ होय. तथापि प्रतिबंधक स्थानबद्धतेला याच अनुच्छेदात वाट ठेवलेली आहे, हेही विसरता येत नाही.

१९४८ ते १९५६ या काळात जयकरांनी पुणे विद्यापीठाची पायाभरणी केली. त्या वेळी या विद्यापीठाचे क्षेत्र पश्चिम महाराष्ट्रातील बारा जिल्ह्यांचे होते. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन होईपर्यंत शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यातून जिल्ह्याच्या महाविद्यालयात शिकायला जाणारी मुलेही याच विद्यापीठाची विद्यार्थी होती. १० मार्च १९५९ रोजी जयकरांचे निधन झाले.

विद्यार्थ्याला पोलीस घेऊन जातात, तेव्हा त्याचे नाव, वेळ, ठिकाण आणि कारण विचारणारे कुणीतरी महाविद्यालयात असावे लागते. किल्ल्यात डांबलेल्या त्या पाचशेंच्या वतीने हा प्रश्न उशिरा विचारला गेला. पण पुराव्यानिशी विचारला गेला. जयकरांच्या नावाच्या ग्रंथालयात हा वारसा पुस्तकांइतकाच जपून ठेवण्याजोगा आहे.