तिसऱ्या मस्केटियरचे नाव

टीव्हीवरील प्रश्नमंजूषेचा अखेरचा प्रश्न. बक्षीस २ कोटी रुपये. मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेला, कॉल सेंटरमध्ये चहा देणारा जमाल मलिक खुर्चीत बसला आहे आणि अवघा देश टीव्हीला डोळे लावून आहे. 'स्लमडॉग मिलेनिअर' या २००८ सालच्या चित्रपटातील हा प्रसंग. सूत्रसंचालक विचारतो की, अलेक्झांडर ड्युमाच्या 'द थ्री मस्केटियर्स' या कादंबरीतील तिघांपैकी दोघांची नावे आथोस आणि पोर्थोस, तर तिसऱ्याचे नाव काय? पर्याय चार : आरामिस, कार्डिनल रिशल्य, दार्तान्यां आणि प्लांशे. लहानपणी शाळेच्या वर्गात हे पुस्तक जमालच्या डोळ्यांपुढून गेलेले. पण त्याची शाळा सुटली आणि तिसरे नाव कळायचे राहूनच गेले. तो अंदाजाने पहिला पर्याय निवडतो आणि जिंकतो. चित्रपटाने पुढे, २००९ मध्ये, ८ ऑस्कर पटकावली.

विकास स्वरूप यांच्या २००५ सालच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे, तिच्यात शेवटचा प्रश्न पाश्चात्त्य संगीतावरचा होता. चित्रपटकर्त्यांनी त्या जागी ड्युमाला आणले. प्रश्न वरवर सोपा, पण फसवा आहे. कादंबरीचे नाव तीन शिपायांचे, नायक मात्र चौथाच. घाईने उत्तर देणारा 'दार्तान्यां' म्हणून मोकळा होईल आणि हाती आलेले घालवून बसेल. परंतु या प्रश्नातील खरे कोडे पर्यायांमध्ये नाही. ते प्रश्नातच गृहीत धरलेल्या नावात, 'ड्युमा' या नावात आहे.

हे नाव मुळात एका गुलाम स्त्रीचे. कॅरिबियन समुद्रातील सां-दोमिंग, म्हणजे आजची हैती, ही तेव्हा फ्रान्सची वसाहत होती. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. तेथे दैव आजमावायला गेलेल्या एका फ्रेंच सरदाराला मारी-सेसेत ड्युमा या कृष्णवर्णीय गुलाम स्त्रीपासून १७६२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव थॉमस-अलेक्झांडर. फ्रान्सला परतताना या सरदाराने प्रवासखर्चासाठी पोटच्या पोराला, पुन्हा सोडवून घेण्याच्या बोलीवर, विकले. १७७६ मध्ये चौदा वर्षांचा मुलगा फ्रान्सला पोहोचला. पुढे त्याने सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती व्हायचे ठरवले, तेव्हा घराण्याचे नाव अशा हलक्या हुद्द्यावर नको, असे बापाने बजावले. मुलाने १७८६ मध्ये आईचे नाव लावून भरतीच्या कागदावर सही केली. सरदारी 'दाव्ही द ला पाय्यत्री' गळाले आणि 'ड्युमा' उरले.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत हा शिपाई १७९३ पर्यंत जनरल झाला. आल्प्समध्ये आणि इटलीत त्याने पराक्रम गाजवला, इजिप्तच्या मोहिमेत घोडदळाचे नेतृत्व केले. मात्र तेथे नेपोलियनशी त्याचे बिनसले. १७९९ मध्ये परतीच्या वाटेवर त्याचे गळके जहाज नेपल्सच्या राज्यातील तारांतो बंदराला लागले आणि तो शत्रूच्या हाती सापडला. दोन वर्षांच्या कैदेतून सुटला तेव्हा प्रकृतीची पार वाताहत झाली होती. फ्रान्स बदलला होता. नेपोलियनने १८०२ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. त्याच वर्षी २४ जुलै रोजी, पॅरिसच्या ईशान्येला व्हिलेर-कोत्रे या गावी, जनरलला मुलगा झाला. तोच कादंबरीकार अलेक्झांडर ड्युमा.

वडील १८०६ मध्ये वारले तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. विधवेला निवृत्तिवेतन मिळाले नाही. खाणावळवाल्याची लेक असलेल्या त्या माऊलीने ओढगस्तीत मुलाला वाढवले. शिक्षण बेताचेच झाले; पण अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे होते. या अक्षरानेच त्याला तारले. वडिलांच्या एका जुन्या स्नेह्याच्या शब्दावर १८२३ मध्ये त्याला पॅरिसमध्ये ड्यूक ऑफ ऑर्लिन्सच्या कचेरीत नकलनविसाची नोकरी लागली. पगार वर्षाला १,२०० फ्रँक. दिवसा दुसऱ्यांची पत्रे उतरवायची आणि रात्री वाचन-लेखन करायचे, असा क्रम सुरू झाला. फेब्रुवारी १८२९ मध्ये त्याचे 'तिसरा हेन्री आणि त्याचा दरबार' हे नाटक रंगभूमीवर आले आणि २६ वर्षांचा कारकून एका रात्रीत पॅरिसचा लाडका नाटककार झाला.

त्या काळात दैनिकांनी एक नवी युक्ती काढली होती. पानाच्या तळाशी रोज कादंबरीचे एक प्रकरण छापायचे, ऐन रंगात आल्यावर थांबायचे आणि वाचकाला दुसऱ्या दिवसाचा अंक घ्यायला लावायचे. आजच्या दैनंदिन मालिकांचे हे पूर्वजच. ड्युमा या खेळातला बादशहा ठरला. 'द थ्री मस्केटियर्स' १४ मार्च ते १४ जुलै १८४४ या चार महिन्यांत 'ल सिएक्ल' या दैनिकात क्रमशः आली. त्याच वर्षी दुसऱ्या दैनिकात 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' सुरू झाली. मोबदला ओळींवर मिळे. त्यामुळे त्याची पात्रे एकेका शब्दाचे संवाद का बोलतात, यावर पॅरिसमध्ये विनोद होत. दार्तान्यां काही हवेतून आला नव्हता. या नावाचा खराखुरा सैनिक १६७३ मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात पडला होता; त्याच्या नावावर खपवलेल्या १७०० सालच्या बनावट आठवणींचे पुस्तक कादंबरीला आधार म्हणून मिळाले. आथोस, पोर्थोस आणि आरामिस ही नावेही खऱ्या शिपायांवरून घेतलेली.

येथेच आणखी एक नाव पुढे येते. चार पर्यायांत नसलेले. ऑग्युस्त माके. हा इतिहासाचा शिक्षक जुनी कागदपत्रे धुंडाळी, कथानकाचा आराखडा रची, प्रकरणांचे कच्चे खर्डे लिही. ड्युमा त्यात संवाद, वेग आणि प्राण ओती. 'मस्केटियर्स' आणि 'मॉन्टे क्रिस्टो' या दोन्हींमागे ही जोडी होती. संपादकांना मात्र मुखपृष्ठावर एकच नाव हवे होते, कारण खपत होते तेच. माकेला पैसे मिळाले, नाव मिळाले नाही. पुढे पैसेही थकले तेव्हा तो न्यायालयात गेला. न्यायालयाने १८५८ मध्ये त्याचा उत्पन्नातील वाटा मान्य केला. पण लेखक म्हणून नाव लावण्याचा हक्क नाकारला.

या जोडीकडे ड्युमाच्या विरोधकांचे लक्ष गेले नसते तरच नवल. १८४५ मध्ये मिरेकूर या लेखकाने कादंबऱ्यांचा कारखाना म्हणून त्याच्यावर पुस्तिका काढली. तिच्यात लेखनाच्या टीकेपेक्षा त्याच्या कातडीच्या रंगावर आणि केसांवर गरळच अधिक होती. ड्युमाने खटला भरला आणि मिरेकूरला काही दिवसांची कैद झाली. हिणवणारी व्यंगचित्रे मात्र आयुष्यभर निघत राहिली. ज्याच्या आजीला माणूस म्हणून मोजले गेले नाही आणि ज्याच्या बापाचा पराक्रम नेपोलियनच्या राजवटीने दुर्लक्षिला, त्या लेखकाने स्वतःच्या सहकाऱ्याचे नाव मात्र झाकलेले राहू दिले. ड्युमावर प्रेम करणाऱ्या वाचकालाही ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

पैसा आला तसा गेला. १८४७ मध्ये पॅरिसजवळ त्याने 'मॉन्टे क्रिस्टो' नावाचा वाडा बांधला, शेकडो पाहुण्यांना जेवू घातले. स्वतःचे नाट्यगृह काढले. दोनच वर्षांत वाडा विकावा लागला, १८५० मध्ये नाट्यगृह बुडाले. १८५१ मध्ये सावकारांचा ससेमिरा चुकवत त्याने ब्रसेल्स गाठले. पुढे १८६० मध्ये गॅरिबाल्डी दक्षिण इटली जिंकायला निघाला, तेव्हा ड्युमाने पदरच्या पैशाने त्याच्यासाठी बंदुका आणल्या. त्या मोहिमेत कोसळले ते नेपल्सचे बुर्बों घराणे. ज्या घराण्याच्या तुरुंगात त्याचे वडील खंगले, तेच. निरपराध माणसाला अंधारकोठडीत सडत ठेवणारी आणि मग हिशेब चुकता करणारी 'मॉन्टे क्रिस्टो'ची कथाही याच जखमेतून आली असावी, असे जनरलचे चरित्रकार टॉम रीस यांनी 'द ब्लॅक काउंट' या २०१२ सालच्या पुस्तकात सुचवले आहे.

५ डिसेंबर १८७० रोजी दिएपजवळ मुलाच्या घरी ड्युमाचे निधन झाले. जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरलेल्या असल्याने त्या गडबडीत त्याची अंत्ययात्रा साधीच निघाली. पुढे दफन जन्मगावी हलवण्यात आले. राष्ट्राच्या थोर पुरुषांसाठी असलेल्या पॅरिसच्या पँथिऑनमध्ये व्हिक्टर ह्यूगोला १८८५ मध्येच जागा मिळाली. त्याचा समवयस्क ड्युमा तेथे पोहोचला तो ३० नोव्हेंबर २००२ रोजी, मृत्यूनंतर १३२ वर्षांनी. निळ्या मखमलीत गुंडाळलेली शवपेटी मस्केटियरांच्या वेशातील चार जणांनी वाहून आणली. राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांनी आपल्या भाषणात ड्युमाला सोसाव्या लागलेल्या वर्णद्वेषाचा उल्लेख केला आणि झालेला अन्याय देश दूर करत असल्याचे सांगितले. गुलाम स्त्रीचे नाव त्या दिवशी पँथिऑनच्या तळघरात ह्यूगोच्या शेजारी कोरले गेले.

माके १८८८ मध्ये वारला. पॅरिसच्या पेर-लाशेझ दफनभूमीत त्याची कबर आहे. जे नाव पुस्तकावर आले नाही, त्या नावाखाली तेथे पुस्तकांची नावे दगडात कोरलेली आहेत. 'मस्केटियर्स' त्यांत आहे.

जमालच्या प्रश्नाचे उत्तर आरामिस हेच होते आणि त्याला त्याचे २ कोटी मिळाले. तिसऱ्या मस्केटियरचे नाव आता जगाला पाठ आहे. मारी-सेसेत आणि ऑग्युस्त माके ही नावे मात्र अजून कोणत्याही प्रश्नमंजूषेच्या पर्यायांत सहसा दिसत नाहीत.