मातांचा तारक डॉ. सेमेलवाइस

मानवजातीवर ज्यांचे अपार उपकार आहेत, परंतु ज्यांना हयातींत उपेक्षेवांचून फारसें कांहीं लाभलें नाहीं, अशा थोर पुरुषांत डॉ. इग्नाझ सेमेलवाइस ह्यांची गणना करावी लागते. त्यांचा जन्म १८१८ सालीं हंगेरींतील बुडा शहरीं एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. १८४६ सालीं ते व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूतिशाळेंत साहाय्यक झाले.

तेथें प्रसूतिशाळा दोन होत्या. पहिलींत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसरींत सुइणी. कोणत्या स्त्रीनें कोठें जावयाचें हें दिवसांच्या पाळीवरून ठरे. म्हणून दोहींकडील स्त्रिया सामान्यतः सारख्याच असत. तरीहि १८४६ सालीं पहिलींत ४०१० बाळंतिणींपैकीं ४५९ दगावल्या, आणि दुसरींत ३७५४ पैकीं १०५. म्हणजे शेंकडा ११.४ व शेंकडा २.८. एकीकडील धोका दुसरीकडील धोक्याच्या चौपट! नुसते मृत्यू मोजून भागत नाहीं. किती जणींमागें किती, हें पाहिलें म्हणजेच तुलना खरी होते.

सेमेलवाइस ह्यांनीं एकेक तर्क पारखून पाहिला. गर्दी हें कारण म्हणावें, तर ती दुसरींतच अधिक. मरणोन्मुखांकडे जाणाऱ्या धर्मगुरूंपुढील घंटेनें स्त्रियांस धास्ती बसत असेल, म्हणून ती बंद करविली. फरक पडला नाहीं. १८४७ च्या मार्चांत त्यांचे स्नेही प्रोफेसर कोलेट्श्का ह्यांना शवविच्छेदनाच्या वेळीं चाकू लागला व ते वारले. त्यांच्या देहांत सूतिकाज्वराचींच चिन्हें आढळलीं. डॉक्टर व विद्यार्थी शवागारांतून सरळ बाळंतिणींकडे येत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. कोडें उलगडलें. आपल्याच हातांनीं कित्येक माता मृत्युमुखीं गेल्या, ही दारुण गोष्ट त्यांनीं पुढें आपल्या ग्रंथांत उघड कबूल केली.

मे महिन्यांत त्यांनीं क्लोरिनच्या पाण्यानें हात धुण्याचा दंडक घातला. १८४८ सालीं पहिलींत ३५५६ पैकीं ४५ मृत्यू झाले, दुसरींत ३२१९ पैकीं ४३. दोहींकडे प्रमाण शेंकडा १.३ झालें, चौपट धोका नाहींसा झाला.

परंतु वरिष्ठांना हें मानवलें नाहीं. १८४९ सालीं त्यांची नेमणूक वाढविण्यांत आली नाहीं. त्यांनींहि आपला ग्रंथ १८६१ पर्यंत लांबविला, आणि विरोधकांस जहाल पत्रें लिहून मित्र दुरावले. ता. १३ ऑगस्ट १८६५ रोजीं व्हिएन्नाजवळील वेड्यांच्या इस्पितळांत त्यांचा अंत झाला. आदल्याच दिवशीं ग्लासगो येथें लिस्टर ह्यांनीं एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडाचा उपचार आरंभिला होता!

आज नव्या औषधाची परीक्षा करतांना रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें पाडतात, आणि दोहोंतील धोक्याचें प्रमाण ताडून पाहतात. अंतर थोडें असेल तर तें केवळ योगायोगाचें नाहीं ना, हेंहि गणितानें तपासतात. विद्यार्थ्यांनीं गणित नीरस मानूं नये, असें आम्हांस वाटतें. त्या अंकांमागें कोणाची तरी आई असते. आणि अंक आपलाच दोष दाखवूं लागले, तर तो नम्रपणें पदरीं घेणें, ह्यांतच विद्येची व धर्माची कसोटी आहे.