सुगरणीचे पंचांग

किल्लारीच्या जुन्या गावठाणाबाहेर, आमच्या शेतात एक विहीर आहे. विहिरीवर ओणवलेली एक बाभूळ आहे आणि तिला सुगरणीचे खोपे लोंबतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आमचे गाव जमीनदोस्त झाले, ती हकीकत मी आजीच्या तोंडून ऐकतच लहानाचा मोठा झालो. त्या हकीकतीचा शेवट आजी नेहमी या बाभळीपाशी करते. पुढच्या पावसाळ्यात माणसे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढीत होती, पेरणीचे कोणाला भान नव्हते. पण सुगरणी मात्र ठरल्या वेळी आल्या आणि विणू लागल्या. त्यांना वेळ कोण सांगते, हे कोडे आजीला आजही सुटलेले नाही.

यंदा मे महिन्यात काकांनी ती बाभूळ तोडायचे ठरवले. खोपे वाळलेले, पाखरू एकही नाही, मग अडचण कसली, असे त्यांचे म्हणणे. मी कला शाखेचा विद्यार्थी. त्यांना उत्तर देण्याइतके शास्त्र माझ्याजवळ नव्हते. ते शोधताना मला डॉ. सलीम अली भेटले.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीत वाढवले. लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलर्ड यांनी त्याला पेंढा भरून जतन केलेले शेकडो पक्षी दाखवले, आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

वाट मात्र सरळ नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व्यवसायात गेले. धंदा जमला नाही. मन रानातच रमले. परत आल्यावर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले. पुढे बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेझमन यांच्या हाताखाली शिकून १९३० मध्ये ते परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! चौतिशीच्या घरातला, जगाच्या दृष्टीने बेकार असा हा माणूस पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिला.

तेथे त्यांच्या घरापाशीच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर लपून बसून त्यांनी तिचे निरीक्षण केले. आपण सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी वापरतो, बहिणाबाईंच्या कवितेमुळे ती घराघरांत आईच्या रूपातच पोचली; पण विणकर असतो नर. तो अर्धा खोपा विणतो, माद्या येऊन पारख करतात. एखादीने पसंत केला की खोपा पुरा होतो. ती अंडी घालते आणि नर दुसऱ्या खोप्याला लागतो. त्यापूर्वी हा सारा संसार एवढ्या बारकाईने कोणी उलगडून दाखवला नव्हता.

आता आजीच्या कोड्याकडे येतो. १९२५ मध्ये कॅनडात रोवन नावाच्या शास्त्रज्ञाने ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यात दिवे लावून पाखरांचा दिवस लांबवला, तर बाहेर बर्फ असताना त्यांची प्रजननेंद्रिये वाढू लागली. पुढे उलगडले ते असे : उजेड पक्ष्याच्या कवटीतून पार होऊन मेंदूतील संवेदनशील पेशींपर्यंत पोचतो. दिवस मोठा झाला की मेंदूच्या तळाचा भाग पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो. तिची संप्रेरके रक्तात उतरतात आणि वृषणे वाढतात. तपकिरी नराच्या डोक्यावर पिवळा रंग चढतो, तोही पिट्युटरीच्याच संप्रेरकाने. ही तयारी कडक उन्हाळ्यात सुरू होते. पाऊस शेवटचा इशारा. त्याने हिरवे पाते आणि पिलांसाठी किडे मिळतात.

सस्तन प्राण्यांत उजेडाची वर्दी डोळ्यांवाटे जाते. रात्री मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन स्रवते. रात्र लांबली की हा स्राव अधिक वेळ टिकतो आणि शरीराला हिवाळ्याची चाहूल लागते. थंड प्रदेशांतले काही प्राणी तर शरीरातल्या वार्षिक घड्याळाच्या आधारे बर्फ पडण्याआधीच चरबी साठवून बिळात शीतनिद्रा घेतात. आमच्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे. पण ऋतू येण्याआधी सज्ज होण्याची रीत तीच.

१९३१ मध्ये सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली. पगार न मागता, केवळ खर्च मिळावा एवढ्याच बोलीवर. आमचे किल्लारी तेव्हा त्याच संस्थानात होते. अशा अनेक प्रांतांच्या पाहण्यांत तेहमिना त्यांच्या सोबत असत. १९३९ मध्ये त्या वारल्या. दुःख पोटात घालून ते काम करीत राहिले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले, नंतर रिप्ली यांच्यासह दहा खंडांचा ग्रंथ झाला. पदवी नसलेल्या या माणसाला १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९८७ मध्ये ते निवर्तले.

आपल्यापैकी कित्येकांना पदवीनंतर काय, ही चिंता आहे, मलाही आहे. किहीमचा तो बेकार पावसाळा आठवला की थोडा धीर येतो. त्या दिवसांत बाहेरून काहीच घडत नव्हते, आणि त्यांचे मोठे काम मात्र तेव्हाच चालू होते.

काकांना मी एवढेच सांगितले, की झाड मोकळे दिसले तरी नरांचे डोके या दिवसांत पिवळे व्हायला लागलेले असते. जूनमध्ये ते येतील आणि फांदी शोधतील. काका काही बोलले नाहीत. कुऱ्हाड मात्र त्यांनी पुन्हा खुंटीला अडकवली. दिवाळीनंतर बघू, असे ठरले आहे.

यंदा बाभळीवर तेवीस खोपे लागले. आजीला धरून धरून विहिरीपर्यंत नेले आणि ते दाखवले. पिट्युटरीचे नाव तिच्या लक्षात राहिले नाही. पण विणणारा नर आहे हे कळल्यावर ती खूप वेळ हसत होती.