खिशातल्या वायफायचे आजोबा

ट्रिपसाठी पॉकेट वायफाय घेताय? मग जगदीशचंद्र बोस तुम्हाला ठाऊक हवेतच. जन्म १८५८चा. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले, पण इंग्रज प्राध्यापकांपेक्षा पगार कमी. बोस सरांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही. शिकवणं मात्र सुरूच! शेवटी सरकार नमलं, थकबाकीसकट पूर्ण पगार मिळाला. १८९५ मध्ये कोलकात्यातच त्यांनी भिंतीपलीकडची घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखवली. पेटंटच्या मागे मात्र ते लागले नाहीत. मित्रांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये एक अमेरिकन पेटंट तेवढं मिळालं. १९३७ मध्ये ते गेले.

भिंतीचा प्रश्न आजही आहेच. शेजारच्या खोलीत रेंज हवी तर २.४ गिगाहर्ट्झ, जवळ बसून स्पीड हवा तर ५. म्हणून दोन्ही बँडवालंच डिव्हाइस घ्या. आणि नेट लागलं की पहिलं सर्च बोस सरांचं करा!